शेऱ्याला दोन बोटं जागा

सोमणांची आणि माझी पहिली भेट जिन्यात झाली. सांगलीच्या गावभागात मी नवी खोली घेतली होती. हातात गादीची वळकटी होती आणि वरून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ विजारीला सायकलची क्लिप लावत उतरत होते. ते थांबले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. सांगलीत ही दोन्ही आधी विचारतात. त्यांनी विचारलं, "गेल्या सात दिवसांत काय केलंत?"

"मी वर्तमानपत्रात असतो."

"असण्याबद्दल विचारत नाही. केलंत काय?"

"बातम्या लिहिल्या."

"सातही दिवस?"

"रविवारी सुट्टी होती."

"रविवारी तासभर तरी?"

रविवारी एका अपघाताची बातमी लिहायला मला घरून बोलावलं होतं, ते आठवलं. मी सांगितलं.

"मग सातही दिवस कामावर," ते समाधानाने म्हणाले, आणि वळकटीचं दुसरं टोक धरून मला खोलीपर्यंत पोचवून गेले. नाव त्यांनी तीन दिवसांनी विचारलं.

भालचंद्र सोमण हे सरकारच्या पाहणी खात्यात तपासनीस होते. खात्याकडून त्यांना गावांची आणि वस्त्यांची यादी मिळे. तिथे जाऊन चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, प्रत्येक घरात जाऊन कोण काम करतं ते विचारायचं आणि एक छापील तक्ता भरायचा. तक्ते वरच्या कार्यालयात जात, तिथे त्यांची बेरीज होई, आणि देशात किती लोक कामावर आहेत ते सरकारला कळे. नियम सोपा होता. गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं असेल, तर तो माणूस 'कामावर'. काम केलं नाही पण शोधलं, तर 'बेकार'. केलंही नाही आणि शोधलंही नाही, तर 'कामाबाहेर'. हे नियम सोमणांनी केलेले नव्हते. पण त्यांनी ते इतकी वर्षं पाळले होते की त्यांना माणूस दिसायच्या आधी रकाना दिसत असे.

आमच्या समोर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक त्यांच्याशी बोलत नसत. सोमणांनी त्यांना भर गणेशोत्सवाच्या मांडवात 'कामाबाहेर' म्हटलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, मी रोज दोन तास गीता वाचतो. "रकान्यात बसत नाही," सोमण म्हणाले. एका लग्नात अक्षता पडल्यावर त्यांनी नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन अभिनंदनाऐवजी सात दिवसांची चौकशी केली. मुलाने खाली मान घालून सांगितलं की तो मामाच्या दुकानात बसतो. "पगारी की बिनपगारी?" सोमणांनी विचारलं. मुलीचे वडील शेजारीच उभे होते. त्या घरातून सोमणांना पुन्हा आमंत्रण आलं नाही.

आमच्या घरमालकीणबाई, आक्का, मूळच्या तासगावकडच्या. त्यांच्याशी सोमणांचा वाद वर्षानुवर्षं चालला होता.

"पापड करता ते विकता की घरी खाता?" सोमण विचारत.

"आवं, परवा तुमास्नी धा दिले, ते काय म्हनायचं?"

"ते दान. ते काम नाही."

"लाटताना माझं खांदं गेलं की वो!"

"खांदे रकान्यात बसत नाहीत, आक्का."

"मग तुमचा रकानाच लहान हाय," आक्का म्हणत, आणि तरी पुढच्या वेळी सोमणांच्या दारात पापड ठेवून जात.

सोमणांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "मत नको, माहिती द्या." भाजीवाली वांगी ताजी आहेत म्हणाली तरी ते हे वाक्य म्हणत. एकदा त्यांना तीन दिवस ताप होता. मी डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी कसं वाटतं म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, "एकशे दोन." ऑफिसला पाठवायच्या चिठ्ठीत त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं : 'कामावर, तात्पुरता गैरहजर.'

कामाच्या ठिकाणी ते कुणाकडे चहा घेत नसत. स्वतःची पाण्याची बाटली नेत. चहा घेतला की उत्तर गोड येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची पत्नी वाईला शिक्षिका होती. खाजगी शाळा, त्यामुळे तिची बदली होण्यासारखी नव्हती. मुलंबाळं नव्हती. अकरा वर्षं सोमण दर शनिवारी दुपारी साताऱ्याची एसटी धरत, तिथून वाई, आणि सोमवारी पहाटे निघून परत येत. बुधवारी ते एसटीडी बूथवरून वाईला शेजाऱ्यांच्या घरी फोन करत आणि तीन मिनिटांच्या आत ठेवत. साताऱ्याच्या कार्यालयात तपासनिसाची एकच जागा होती. तिथे बदली झाली असती तर ते रोज वाईहून जाऊन-येऊन काम करू शकले असते. त्यासाठी त्यांचा अर्ज अकरा वर्षं पडून होता. एवढी एकच गोष्ट ते मागत होते, आणि ती मागतानाही त्यांनी अर्जात 'विनंती' हा शब्द एकदाच वापरला होता.

ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रींना काम नव्हतं. बाहेरचा माल स्वस्त पडू लागला होता, असं मालक सांगत. कामगारांना कुणी काढलं नाही. मस्टरवर नावं तशीच राहिली, फक्त बोलावणं येईनासं झालं. सकाळी गेटवर जायचं, दहापर्यंत बसायचं, आणि परत यायचं. त्याच सुमारास सरकारचे आकडे जाहीर झाले. जिल्ह्यात बेकारांची संख्या कमी झाली होती. ती बातमी मी लिहिली. पहिल्या पानावर, एक कॉलम, 'बेरोजगारीत घट.' आकडा मी दोनदा तपासला होता.

सोमणांनी सकाळी ती वाचली. "आकडा बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग कुपवाडच्या गेटवर एवढी माणसं का बसलेली असतात?"

"बसतात हे खरं. पण आमच्या तक्त्यात बसण्याबद्दल प्रश्न नाही." मग म्हणाले, "गुरुवारी कुपवाडलाच जातोय. माझ्याबरोबर घरात येता येणार नाही, माहिती गोपनीय असते. पण मुलाखत ओट्यावर होते आणि सगळी गल्ली ऐकते. तुम्ही गल्लीत उभे राहा. गल्लीला नियम नाही."

गुरुवारी वसाहतीला साप्ताहिक सुट्टी असते. मी गल्लीत उभा राहिलो. सातवं घर तुकारामचं होतं. हे त्याचं खरं नाव नाही. तो फाउंड्रीत मोल्डर होता, म्हणजे वाळूचे साचे करणारा. तो ओट्यावर बसला, समोर सोमण, आणि समोरच्या पायरीवर रंगूबाई. रंगूबाईच्या भाच्याशी तुकारामच्या बहिणीचं जमत आलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही पाच मिनिटांत कळलं.

"कामधंदा?" सोमणांनी विचारलं.

"मोल्डर. परमनंट." दुसरा शब्द त्याने सोमणांकडे नाही, रंगूबाईकडे बघून म्हटला.

"गेल्या सात दिवसांत किती दिवस काम केलंत?"

"रोज जातो की. डबा घेऊन जातो. इचारा गल्लीला."

"जातो. आमी बघतो न्हवं रोज," रंगूबाई म्हणाली.

"जाता ते कळलं. काम किती दिवस केलंत?"

मागून एकजण हसला. "भट्टी पेटून म्हैना झाला, काय सांगतुयास गड्या!"

"तू गप रं! तुला कुनी इचारलंय?"

सोमणांनी पेन वर केलं. गल्ली गप्प झाली. "मत नको. तुकाराम, तासभर तरी?"

तुकाराम जमिनीकडे बघत राहिला. त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. नाही म्हटलं तर बहिणीचं लग्न मोडलं असतं. आणि खोटं बोलायला तो तयार नसावा, कारण त्याला बराच वेळ लागला. शेवटी तो म्हणाला, "सोमवारी शेड झाडली."

"किती वेळ?"

"असंल तासभर."

"मग कामावर," सोमण म्हणाले आणि त्यांनी खूण केली.

"मी म्हनलं न्हवतं?" रंगूबाई उठत म्हणाली. तुकारामने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. आणि मग आतून त्याच्या बायकोचा, शालनचा आवाज आला.

"तासाचं लिवलंसा. बाकीच्या दिसांचं काय लिवनार, सायेब?"

"तू आत बस," तुकाराम ओरडला.

"आतच हाय की. चूल आत हाय, मी बी आतच."

थोड्या वेळाने तीच बाहेर आली, कपबशी घेऊन. चहा कोरा होता. मला वाटलं, सोमण आता बाटलीकडे बोट दाखवतील. त्यांनी कप घेतला, पूर्ण प्यायला, आणि बशी तिच्या हातात देताना "चांगला झालाय" असं म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी दिलेलं हे पहिलं मत.

परतताना ते सायकल हातात धरून चालले. मी चहाचं विचारलं.

"नाही म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, दूध नाही म्हणून नाही म्हणाले." पुलापाशी त्यांनी सायकल कठड्याला टेकवली. मग म्हणाले, "मोल्डरच्या नखात काळी वाळू असते. साबणाने निघत नाही. या माणसाची नखं स्वच्छ होती."

"मग बेकार का नाही लिहिलंत?"

"तास भरलाय. नियम नियम आहे. बेकार लिहिलं असतं तर ती खोटी माहिती झाली असती."

तक्त्याच्या अगदी शेवटी एक रकाना असतो, 'शेरा'. त्याला दोन बोटं जागा असते. बहुतेक तपासनीस तिथे 'निरंक' लिहितात. शेऱ्याची बेरीज होत नाही, त्यामुळे तो कुणी वाचत नाही. सोमणांनीही वीस वर्षं 'निरंक' लिहिलं होतं. कुपवाडच्या तक्त्यांवर ते शेरे लिहू लागले. मुंगीएवढं अक्षर काढून त्यांनी दोन बोटं भरली, मग समासात शिरले, समासातून वर चढले आणि कागदाच्या डोक्यावरून पलीकडे उतरले. सगळी माणसं 'कामावर' होती. शेऱ्यात ती कशी कामावर होती ते होतं.

तीन आठवड्यांनी गठ्ठा परत आला. सांगलीच्या साहेबांनी सोमणांना बोलावलं. पुढचं संभाषण सोमणांनी मला सांगितलं ते असं.

"सोमण, हे काय आहे? कादंबरी?"

"शेरा आहे, साहेब."

"हे यंत्रात जात नाही. वरून लिहून आलंय, कोरे तक्ते घ्या आणि स्वच्छ उतरवून द्या. शेरा निरंक. सोमवारपर्यंत." मग साहेबांनी दार लावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. "साताऱ्याची जागा निघालीय. तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. शिफारशीत 'तक्ते निर्दोष' असं लिहावं लागतं. मला लिहू द्या की हो."

त्या शनिवारी सोमण वाईला गेले नाहीत. त्यांची पत्नी, सुमतीवहिनी, स्वतःच सांगलीला आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. रविवारी सकाळी मला जेवायचं बोलावणं आलं. खोलीत जमिनीवर तक्ते पसरलेले होते. नावांची पानं सोमणांनी पालथी ठेवली होती, कारण माहिती गोपनीय होती आणि वहिनी खात्यात नव्हत्या. ते जुन्या तक्त्यावरून नव्यावर उतरवत होते. वहिनी मटार सोलत होत्या.

"तुम्ही गल्लीत उभे होतात म्हणे," त्या मला म्हणाल्या. "सात नंबरच्या बहिणीचं जमलं का हो?"

मी सोमणांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. "नाव सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "फक्त घराचा क्रमांक."

हळूहळू माझ्या लक्षात आलं. वहिनींना सगळी घरं ठाऊक होती. वीस मैलांवरच्या गावातली, पाच वर्षांपूर्वीची. तीन नंबरची म्हातारी, जी बेदाणे निवडून निवडून डोळ्यांनी गेली. बारा नंबरचा फौजेतून आलेला, जो रखवालदारीच्या शोधात रोज कडक इस्त्री करून निघायचा. इतकी वर्षं 'निरंक' लिहिणारा माणूस दर शनिवारी सगळे शेरे वाईला नेत होता.

मी सांगितलं की सात नंबरचं जमलं. लग्नाच्या याद्या झाल्या. रंगूबाई सगळीकडे सांगत होती, पोरीचा भाऊ कामावर हाय, सरकारी मानसानं लिवून नेलंय.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या.

अकराच्या सुमारास सगळे तक्ते उतरवून झाले. फक्त शेऱ्याचे रकाने कोरे होते. सोमणांनी पेनचं टोपण लावलं.

"सूचनापुस्तिकेत आहे, आवश्यक तेथे पुरवणी कागद जोडावा. शेऱ्यात 'पुरवणी पाहावी' एवढंच लिहायचं. दोन बोटांत बसतं." मग म्हणाले, "निरंकही बसतं."

वहिनी मटार सोलत राहिल्या.

"साताऱ्याची जागा आता भरली तर पाच-सहा वर्षं निघत नाही," सोमण म्हणाले. ते माहिती देत होते. मत त्यांनी विचारलं नाही.

"पुरवणी जोडली तर साहेब शिफारस करणार नाहीत?"

"करता येणार नाही त्यांना."

"आणि ती वरती कुणी वाचेल?"

"नाही."

मला वाटलं, हिशेब संपला. वहिनींनी सालांची परात बाजूला सारली. "सात नंबरच्या शेऱ्यात ती बाई आतून बोलली ते लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"वाचा."

सोमणांनी जुना तक्ता उचलला, उजेडाकडे धरला आणि तो फिरवत फिरवत वाचू लागले, कारण शेरा कागदाभोवती फिरला होता. "डबा खुंटीला. वर धूळ नाही, म्हणजे रोज नेला जातो. आत अन्नाचा वास नाही. चहा कोरा. कुटुंबातील स्त्रीने आतून विचारले, तासाचं लिवलंसा, बाकीच्या दिसांचं काय लिवनार. उत्तर देता आले नाही."

त्यांनी कागद खाली ठेवला. वहिनींनी पदराला हात पुसले.

"टाचण्या कुठे ठेवता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

दुपारी दोनपर्यंत सोमण शेरे पुरवणी कागदांवर उतरवत होते आणि वहिनी नि मी ते तक्त्यांना टाचत होतो. भात निवला होता.

गठ्ठा सोमवारी गेला. साहेबांनी तो पाहिला, सूचनापुस्तिका मागवली, ते कलम वाचलं, आणि सही केली. साताऱ्याची जागा महिन्याभरात भरली. मिरजेचे एक तपासनीस तिथे गेले. "चांगला माणूस आहे," सोमण मला म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "हे मत झालं." जिल्ह्याचे पुढचे आकडे आले तेव्हा कामावर असलेल्यांची संख्या आणखी वाढली होती. तीही बातमी मीच लिहिली. एक कॉलम.

पुरवण्या जोडल्या त्या रविवारी चार वाजता वहिनींची गाडी होती. माझी स्कूटर त्यांना पोचवायला होती आणि सोमण सायकलवरून आमच्या आधी स्टँडवर पोचले होते. त्यांनी कंडक्टरला विचारून चाकावरची नसलेली, खिडकीकडची जागा धरून ठेवली होती. वहिनी बसल्या. सोमण खाली, खिडकीच्या गजाला हात लावून उभे. अकरा वर्षं निघून जाणारा माणूस ते स्वतः होते. मागे उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

"कराडला पाणी घे," ते म्हणाले.

"भात झाकून ठेवलाय. रात्री गरम करा, नुसता खाऊ नका."

"हो."

"सोमवारी पत्र टाकते."

"अगं, पण शनिवारी मी येतोच आहे."

"तरी टाकते," वहिनी म्हणाल्या.

गाडी सुटली. सोमण गजावरचा हात सोडायला विसरले आणि चार पावलं गाडीबरोबर चालले. मग थांबले. मी स्कूटर सुरू करून हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. फलाट रिकामा झाला, मग तिथे विट्याची गाडी लागली, माणसं चढली, सामान चढलं, तीही सुटली. ते तिथेच उभे होते. मी स्कूटर बंद केली आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसलो.